आधी तो लाल डाग

‘मॅडम, नमस्कार. माझं वय ३६. सोलापूर जिल्ह्यात खेड्यात राहते. दोन मुलं आहेत, धाकट्याच्या वेळी ऑपरेशन करून घेतलं. गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातंय. दाढ दुखत होती म्हणून पाच दिवस गोळ्या घेतल्या, त्यानंतर सुरू झालं. आधी दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट, आणि खाज अशी की रात्र-रात्र झोप नाही. मेडिकलमधून चार गोळ्यांचं पाकीट आणि एक मलम आणलं. खाज गेली. मग महिन्या-दीड महिन्याने पातळ, मळकट पांढरं जायला लागलं आणि वास येतो. नवऱ्याजवळ झोपल्यावर जास्तच येतो, लाज वाटते. रोज पाण्यात जंतुनाशक टाकून आतून धुते, तरी जात नाही. सासूबाई म्हणतात, हाडं वितळून जातात, म्हणून तुझी कंबर धरते. अंगात त्राण नाही हे खरं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका. मिस्टर म्हणतात, ज्वारी निघाली की करून टाकू. तर काढावी का? नाव छापू नका.

ता. क. दोन-तीनदा संबंधांनंतर थोडा लाल डाग पडला होता. पाळी जवळ आली असेल म्हणून लक्ष दिलं नाही.’

ताई,

पत्र वाचून झालं आणि मी पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ मारली. ती ओळ तुम्ही सगळं लिहून झाल्यावर, जाता जाता लिहिली आहे. दवाखान्यातही असंच होतं. दहा मिनिटं कंबर, चक्कर, पित्त सांगून झालं की बाई उठते, पदर सारखा करते, दाराच्या कडीला हात लावते आणि म्हणते, ‘आणि मॅडम, ते पांढरं पण जातं बरं का.’ इतक्या वर्षांत मी एवढं शिकले, की कडीला हात लावल्यावर जे बोललं जातं, त्यासाठीच बाई आलेली असते. तुम्ही पांढऱ्याबद्दल मात्र धीटपणे लिहिलंत. तुमच्या कडीपाशी राहिला तो लाल डाग.

तर आधी त्याचं बोलू. संबंधांनंतर रक्त दिसणं, मग ते पदरभर असो की मोहरीएवढं, हे ‘लक्ष दिलं नाही’ म्हणून सोडायचं लक्षण नाही. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अशा बहुतेक बायकांमध्ये कारण साधंच निघतं: पिशवीच्या तोंडाला जंतुसंसर्गाने आलेली सूज, तिथे लोंबणारा एखादा बारीक कोंब, ज्याला आम्ही पॉलिप म्हणतो, किंवा तोंडावरची नाजूक त्वचा. पण थोड्या जणींमध्ये ती पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची किंवा त्याआधीच्या बदलांची खूण असते, आणि या दोघींमधला फरक पत्रावरून, फोनवरून किंवा सोनोग्राफीवरून कळत नाही. तो पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहून आणि तिथली तपासणी करूनच कळतो. म्हणून ज्वारी निघायची वाट पाहू नका. तपासणीला एक सकाळ लागते, ती या पंधरवड्यात काढा. ऑपरेशन मात्र ज्वारीच काय, पुढची सुगी होईपर्यंत थांबलं तरी चालेल, आणि बहुधा लागणारच नाही.

तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला टेबलावर घेऊन खालून तपासलं का? पत्रात तसं काही नाही. सोनोग्राफीचा उल्लेख आहे. आता गंमत बघा, पिशवीच्या तोंडावरची जखम सोनोग्राफीत दिसत नाही. ती काही पोटातल्या गाठीसारखी सावली टाकत नाही. आणि जिला ‘जखम’ म्हणतात ती पुष्कळदा जखम नसतेच. पिशवीच्या तोंडाच्या आत लालसर, मऊ पेशींचा थर असतो. कधी हार्मोन्समुळे, कधी बाळंतपणानंतर तो थोडा बाहेरच्या बाजूला येतो. ओठ मुडपून आतला भाग बाहेर काढला तर कसा लाल दिसतो, तसं. त्यातून चिकट पाणी जास्त सुटतं, आणि धक्का लागला तर थेंबभर रक्तही येतं. आमच्या जुन्या पुस्तकांत त्याला ‘इरोजन’ म्हणायचे, त्याचं मराठीत ‘जखम’ झालं, आणि त्या एका शब्दाने महाराष्ट्रात किती पिशव्या गेल्या असतील याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. ही ‘जखम’ पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिल्यामुळे, आणि त्याची तपासणी वेगळी आहे. ‘पिशवीला सूज’ हेही तसंच. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी न बाळंत झालेलीपेक्षा थोडी मोठी असते. रिपोर्टात ते लिहून येतं, आणि घरी येईपर्यंत त्याची सूज झालेली असते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला होता, तुम्ही ऐकलं असेल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८० हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तुमच्याच वयाच्या, काही तर तुमच्याहून लहान. दवाखान्यात जाताना बऱ्याच जणींची तक्रार काय होती? पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीत जास्त जातं. आणि उत्तर एकच मिळालं होतं, जे तुम्हाला मिळालं.

समजा, तुमच्या डॉक्टरांची भीती खरी निघाली, खरंच कॅन्सर असला. तरीसुद्धा तपासणी न करता साधी पिशवी काढणं हे चुकीचं ऑपरेशन ठरतं. कॅन्सरसाठी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेचा आवाका निराळा असतो, काही टप्प्यांवर तर शस्त्रक्रिया न करता किरणोपचार देतात. आधी साधी पिशवी काढून ठेवली तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणजे कॅन्सर नसला तर ऑपरेशन वाया, असला तर अपुरं. तपासणीआधी ऑपरेशन कुठल्याच बाजूने बसत नाही.

आता सासूबाईंची हाडं. त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण पांढऱ्या पाण्यात हाड नसतं, कॅल्शियम झिरपून जात नाही, ताकदही जात नाही. त्यात असतात योनीमार्गाच्या गळून पडलेल्या पेशी, थोडा चिकटा, पाणी आणि जंतू. मला या समजुतीची खरी चीड येते ती वेगळ्या कारणाने. पांढऱ्याने हाडं झिजतात म्हणून घाबरलेली बाई पिशवी काढून घेते, त्याच वेळी ‘आता काय उपयोग’ म्हणून दोन्ही बीजांडकोषही काढले जातात, आणि तिथून तिची हाडं खरोखरच झिजायला लागतात. चाळिशीच्या आत बीजांडकोष गेले की शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम खाली येतं. वाफा येतात, झोप उडते, हाडं पोकळ होत जातात. आणि पांढरं? ते पिशवी काढल्यावरही जाऊ शकतं, कारण वासाचं पाणी तयार होतं योनीमार्गात, आणि तो तर जागेवरच राहतो.

मग तुमच्या अंगावरून नेमकं काय जातंय? निदान तपासणीनंतरच. पण तुम्ही क्रम इतका चांगला लिहिलाय की मला अंदाज बांधायचा मोह आवरत नाही.

आधी हे, की ओलावा असणारच. तोंडात लाळ असते तसा. पाळी संपल्यावर चार दिवस कोरडं वाटतं, मग महिन्याच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, दोन बोटांत ताणलं तर तार निघेल असं पाणी येतं. त्यानंतर ते दाट, दुधाळ होतं आणि पाळी येईपर्यंत तसंच राहतं. निकरवर वाळलं की पिवळट दिसतं. गडद रंगाच्या निकरवर मधोमध रंग उडाल्यासारखा फिकट पट्टा पडतो, तो पाहून बऱ्याच मुली घाबरतात. ते नुसतं आम्ल असतं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू राहतात, दही लावणाऱ्या जंतूंच्याच भावकीतले. ते लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्या जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. घरातल्या विरजणासारखंच ते. बाहेरून काही घातलं नाही तर वर्षानुवर्षं आपलं आपण टिकतं. (याचा अर्थ आत दही लावा असा नाही. तसं करून आलेल्या दोघी-तिघींना मी साफ करून दिलंय, म्हणून लिहिते.)

दाढेच्या गोळ्यांनी दाढेतले जंतू मारले, त्याबरोबर हे विरजणही मोडलं. रिकाम्या जागेवर कँडिडा नावाची बुरशी वाढली. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट, वास जवळजवळ नाही, पण खाज जीवघेणी, बाहेरची त्वचा लाल, लघवी लागली की आग: हे तिचंच वर्णन. चारांतल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी ती होते. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात, आणि रक्तातली साखर वाढलेली असली तर जास्त. त्यामुळे तुमची उपाशीपोटीची शुगर तपासून घ्या, कधी तपासलेली नसेल तर नक्कीच. पाकिटातल्या चार गोळ्यांपैकी एक बहुधा बुरशीची होती, फ्लुकोनॅझोल. तिने काम केलं. उरलेल्या तीन वेगवेगळ्या जंतूंसाठी असतात. म्हणजे एका उंदरासाठी घराच्या चारी कोपऱ्यांत औषध. आणि ते मलम? त्याची ट्यूब असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा. ‘क्लोबेटासोल’ किंवा ‘बेटामेथासोन’ असं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. खाज झटक्यात थांबते, म्हणून गावोगाव विकलं जातं, पण रोज लावलं तर त्या नाजूक जागेची त्वचा पातळ होते आणि बुरशी आत दबा धरून राहते. ते मलम बंद.

खाज गेली, तुम्हाला वाटलं आत घाण राहिली असेल, आणि जंतुनाशकाने धुणं सुरू झालं. इथे माझ्या मते दुसरी गोष्ट घडली. उरलंसुरलं विरजणही गेलं. लॅक्टोबॅसिलस गेले की आंबटपणा कमी होतो आणि एरवी मूठभर असणारे दुसरे जंतू शेकडो पटींनी वाढतात. पातळ, राखाडीसर पाणी, सुकटीसारखा वास, खाज फारशी नाही. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, आम्ही नुसतं बीव्ही म्हणतो. आणि वास नवऱ्याजवळ झोपल्यावर का वाढतो, याचं उत्तर शाळेच्या रसायनशास्त्रात आहे: वीर्य अल्कधर्मी असतं, ते त्या पाण्यात मिसळलं की अमाइन्स नावाची वासाची द्रव्यं मोकळी होतात. पाळीच्या दिवसांतही वास वाढतो, कारण रक्तही आम्ल कमी करतं. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून वास येत नाही, ताई. गरजेपेक्षा जास्त धुता म्हणून येतोय. आजपासून आतून धुणं बंद. जंतुनाशक नाही, तुरटीचं पाणी नाही, जाहिरातीतलं सुगंधी पाणीही नाही. बाहेरून साधं पाणी पुरे.

माझा अंदाज खरा ठरला तर साधारण सात दिवसांच्या गोळ्या किंवा आत ठेवायचं औषध मिळेल. मेट्रोनिडाझोल दिलं तर तोंडाला कडसर, तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, तिसऱ्या दिवशी बायका कंटाळून सोडतात. सोडू नका. बीव्ही उलटायची खोड वाईट, चांगला इलाज होऊनही काही महिन्यांत परत येते. याबाबत अलीकडे एक महत्त्वाची गोष्ट समजली आहे. नवऱ्याला इलाजाची गरज नाही असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचा निकाल आला. नुसत्या बाईला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना परत झालं, नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तेव्हा ३५ टक्क्यांना. त्यामुळे तुमचं एकदा बरं होऊन परत आलं तर डॉक्टरांना हे विचारा.

पण माझा अंदाज चुकूही शकतो, आणि म्हणून तर तपासणी. पिवळट-हिरवट, फेसाळ, दुर्गंधी पाणी आणि वर खाज असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो. तो संबंधांतूनच येतो, पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, आणि दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं नाही तर तो इकडून तिकडे फिरत राहतो. हे निदान झालं की घरात ‘कुठून आणलंस’ सुरू होतं. तो महिनोन्‌महिने गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला हे त्याच्यावरून ठरवता येत नाही. बुरशी आणि बीव्हीवरून तर कुणाच्याही चारित्र्याबद्दल काडीचंही कळत नाही. गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे आणखी दोन संसर्ग, पिशवीच्या तोंडाला सूज आणणारे. बहुतेक बायकांमध्ये ते अजिबात आवाज करत नाहीत. संबंधांनंतर डाग पडण्याचं तेही एक कारण, म्हणून तुमच्या यादीत आहेत. ते वर पसरले तर ओटीपोटात दुखतं, ताप येतो. तसं झालं तर पंधरवडा सोडा, त्याच दिवशी जायचं.

इतर वाचणाऱ्यांपैकी जिने तांबी बसवलीय, तिला पाणी थोडं जास्त जाऊ शकतं. गरोदर बाईला दुधाळ पाणी वाढतंच, पण पाण्यासारखं पातळ एकदम वाहू लागलं तर दवाखाना. आणि एकदम कुजका, नाकाला असह्य वास आला तर आत काही विसरलंय का ते आठवा. कापसाचा बोळा, टॅम्पॉन, असं मी बाहेर काढलेलं आहे. काढलं की त्या बाईची आठ दिवसांची चिंता आठ मिनिटांत संपते.

तपासणीचं भय असेल तर ती कशी होते ते सांगते. परकर वर घेऊन, अंगावर चादर टाकून, पाय दुमडून झोपायचं. खोलीत नर्स असायला हवी, नसेल तर बोलवा म्हणा. बाई डॉक्टर हवी असेल तर तेही म्हणा. बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत सरकवतात. गार लागतं, कोमट पाण्यात धरून घ्या म्हटलं तर कुणी रागावत नाही. श्वास सोडत राहिलात तर दुखत नाही, दाब जाणवतो. ते उघडलं की पिशवीचं तोंड समोर दिसतं, गुलाबी, पेढ्याएवढं, मूल झालेल्या बाईत मधोमध आडवी चीर असलेलं. एका कापसाच्या काडीवर पाणी घेतात. कागदाची पट्टी लावून आंबटपणा पाहतात. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की बुरशीच्या फांद्या दिसतात, किंवा कडेला जंतू चिकटून भाकरीला पीठ लागावं तशा दिसणाऱ्या पेशी, किंवा ट्रायकोमोनास स्वतःच, शेपट्या हलवत वळवळणारा. एवढं दहा मिनिटांत होतं. माझ्या शिकाऊ दिवसांत ही काचपट्टी प्रत्येक ओपीडीत असायची. आता सोनोग्राफीचं मशीन दहा लाखांचं असतं आणि काचपट्टी नसते, हे मला कळत नाही.

त्याच वेळी डागासाठीची तपासणी करून घ्यायची. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं आम्ल लावून मिनिटभराने पाहतात, पांढरा चट्टा उठतो का ते. किंवा तिथल्या पेशी घेऊन पॅप टेस्ट करतात, किंवा एचपीव्हीची टेस्ट. ३० वर्षांवरच्या बायकांसाठी आम्लाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, पैसे पडत नाहीत. तुम्हाला मात्र डाग पडलाय, त्यामुळे शिबिरातल्या नुसत्या चाचणीवर थांबू नका. ‘संबंधांनंतर रक्त जातं’ असं स्पष्ट बोला, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ पाहतील आणि गरज वाटली तर दुर्बिणीतून बघून तुकडा घेतील. पूर्वबदल सापडले तर पिशवी न काढता, तेवढाच भाग जाळून किंवा काढून इलाज होतो. तुमच्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे. तिथल्या लोकांच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला होता, २००९ साली जगभर गाजला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची टेस्ट केलेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या टेस्टने. तुमच्या माहेरच्या कुणी मावशी-काकू त्यात असतीलही.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. पाटी पाहून बायका दचकतात, पण ते अशाच तक्रारींसाठी आहे. समुपदेशक असते, औषधं फुकट. त्यांच्याकडे रंगांची पाकिटं असतात. पांढरं जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटात दुखण्यासाठी पिवळं. मेडिकलच्या पाकिटात आणि त्या हिरव्या पाकिटात फरक काय, असं विचाराल तर औषधं थोडीफार सारखीच. पण तिथे आधी कुणीतरी तुम्हाला विचारतं आणि तपासतं.

राहिली तुमची कंबर आणि त्राण. पांढऱ्याच्या माथी हे मारू नका. हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं होतं. खुरपणीला दिवसभर वाकल्यावर कंबर बोलणारच. आणि आणखी एक, हे जपून लिहिते. २००१ ते २००३ दरम्यान गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास झाला. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा चिंता, खिन्नता आणि घरातल्या जाचाशी त्या तक्रारीचं नातं जास्त घट्ट दिसलं. कितीतरी बायकांना ‘मला सहन होत नाही’ म्हणायची सोय नसते, ‘पांढरं जातं’ म्हणायची असते. तुमचं तसं आहे असं मी म्हणत नाही, तुमची लक्षणं स्पष्ट आहेत. पण झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

‘बाईच्या जातीला हे असतंच’ असं घरी कुणी म्हटलं तर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत केलेलं काम सांगा. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोन गावं, ६५० बायका, त्यातल्या ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी खालून तपासणी झालेल्या किती होत्या? फक्त ८ टक्के. असतंच असतंच म्हणता म्हणता कुणी पाहिलंच नव्हतं.

तांदळाचं धुवण, जास्वंदीच्या कळ्या जे घरी देतात ते प्यायला माझी हरकत नाही. पोटात गेलं तर नुकसान नाही. फक्त त्याच्यावर महिने काढू नका.

आता जायचं कधी? पाळी संपल्यावर सातव्या-आठव्या दिवशी गेलात तर उत्तम. मात्र त्यासाठी पंधरवड्यापेक्षा जास्त थांबावं लागत असेल तर पाळी चालू नसलेला कुठलाही दिवस चालेल. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आत औषध नको, आणि धुणं तर नकोच, नाहीतर काचपट्टीवर काही सापडणार नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट, मलमाची ट्यूब आणि सोनोग्राफीचा कागद पिशवीत टाका. आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य लाल डागाचं.

आणि सासूबाईंना बरोबर घ्या. सोबत म्हणून नाही. वाटेत एसटीत त्यांना हळूच विचारा, पाळी गेल्यानंतर कधी डाग पडला होता का. ‘हो’ म्हणाल्या तर तुमच्याबरोबर त्यांचाही केसपेपर काढा. ‘नाही’ म्हणाल्या आणि वय ६५ च्या आत असेल तरी काढा. त्यांचीही तपासणी कधी झालेली नसणार.